खोट पकडा, खोतांना भेटा!

नाशिककर, एक चॅलेंज! मित्र छातीठोकपणे म्हणतो, "डोळे बांध, तरी एका घासात सांगतो, मिसळ काळ्या रश्श्याची की लाल!" खरं कसं मानायचं? नाणं उडवा. छापा आला तर काळी, काटा आला तर लाल. घास द्या, विचारा. गडी नुसता अंदाजपंचे ठोकत असेल, तर सलग २० वेळा बरोबर येण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी!

अभिनंदन! तर्री ओरपता ओरपता तुम्ही 'इंटरॅक्टिव्ह प्रूफ' करून टाकलंत. एक प्रूव्हर, म्हणजे मित्र: महाहुशार, पण बेभरवशाचा. एक व्हेरिफायर, म्हणजे तुम्ही: साधा, पण खवचट. आणि मित्र नेमका ओळखतो कसा, ते गुपितच राहिलं की! याच थाटातला पुरावा म्हणजे झीरो-नॉलेज प्रूफ.

माहीत आहे का? ही भन्नाट आयडिया मांडणारा गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांचा पेपर आधी तीनदा नाकारला गेला! १९८५ मध्ये एकदाचा झळकला. १९९३ चं पहिलंवहिलं गोडेल प्राइझ विभागून घेऊन गेला.

त्याच १९८५ मध्ये हंगेरीच्या लास्लो बाबाईंनी व्हेरिफायरला केलं राजा आर्थर आणि प्रूव्हरला जादूगार मर्लिन. कॉम्प्लेक्सिटी थिअरीत डायरेक्ट दरबार!

डिसेंबर १९८९. 'आरएसए' या कूटलेखन-पद्धतीतल्या 'एस'नं, म्हणजे आदी शामीर यांनी, बॉम्ब टाकला: मेमरी बेताची पण वेळ वाट्टेल तेवढा लागू शकेल, असे सगळे प्रश्न मर्लिन आर्थरला सवालजवाबातून पटवू शकतो. बाप रे!

आता मराठी एन्ट्री. शिट्ट्या! प्रूव्हर दोन घ्या, वेगळ्या खोल्यांत बसवा, एकेकच प्रश्न विचारा. एकाचं उत्तर कळलं, की दुसऱ्याचं चालणारं उत्तर एकच. हा झाला 'युनिक गेम'. काही खेळ जोडी जवळजवळ हमखास जिंकू शकते, काहींत कितीही डोकं लढवा, बहुतेक वेळा हारच. समोरचा खेळ यातला कुठला, एवढं ओळखणंही कॉम्प्युटरला महाकठीण, असा अंदाज २००२ मध्ये मांडला सुभाष खोत यांनी. गाव? इचलकरंजी! १९९५ ला जेईईत देशात पहिला नंबर, मग आयआयटी मुंबई, प्रिन्स्टन, न्यूयॉर्क. २०१४ मध्ये सोलला नेवानलिना प्राइझ.

त्या अंदाजाची पोच बघा. नेटवर्कचे दोन गट असे पाडायचे, की जास्तीत जास्त दुवे मधोमध कापले जावेत. १९९५ च्या एका झटपट पद्धतीत उत्तमाच्या किमान ०.८७८ पट यशाची हमी मिळते. खोत बरोबर असतील (आणि झटपट सोडवता येणारे व झटपट तपासता येणारे प्रश्न, म्हणजे पी आणि एनपी, वेगळे असतील), तर याहून मोठी हमी देणारी झटपट पद्धत निघणंच शक्य नाही! अंदाज अजून सिद्ध व्हायचाय. पण २०१८ मध्ये खोत, मिन्झर आणि साफ्रा यांनी जवळपास अर्धी खिंड सर केली.

आणि २०२०? दोन प्रूव्हरांना क्वांटम एन्टँगलमेंट वापरू द्या, की कुठलाच कॉम्प्युटर सोडवू शकत नाही त्या हॉल्टिंग प्रॉब्लेमचा (प्रोग्रॅम कधी थांबेल का?) 'हो'सुद्धा ते पटवून देतात. पेपरचे लेखक पाच, पानं दीडशेच्या वर!