सुरतेचे मेहताजी

दादोबा पांडुरंग म्हटले की मराठी वाचकाला आधी व्याकरण आठवते. १८३६ साली निघालेल्या त्यांच्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या पुस्तकाने कित्येक पिढ्यांकडून विभक्ती घोकून घेतल्या. परंतु या वैयाकरणाच्या आयुष्यातली मोठ्या धाडसाची वर्षे मुंबईत वा पुण्यात नव्हे, तर तापीकाठच्या सुरतेत गेली. तेथे त्यांना एक गुजराती शाळामास्तर भेटला. त्याचे नाव दुर्गाराम मंछाराम मेहता. गुजराथेत शिक्षकाला मेहताजी म्हणण्याची चाल आहे. सुरतेत नुसते ‘दुर्गाराम मेहताजी’ म्हटले तरी भागत असे.

आम्हा बडोदेकरांना सुरत काही परकी नाही. दोन-अडीच तासांत गाडी पोहोचते. उधना, लिंबायतकडे गेले तर खानदेशातून यंत्रमागावर आलेली माणसे अहिराणीत बोलताना ऐकू येतात. शिकवण्यांच्या निमित्ताने माझे तिकडे अधूनमधून जाणे असते. तेथील मराठी घरांत मी दुर्गारामांचा विषय काढतो, तेव्हा बहुधा कोणाला ते नाव माहीत नसते. म्हणून हा लेखप्रपंच.

दुर्गारामांचा जन्म १८०९ साली सुरतेत, नागर ब्राह्मण कुळात झाला. सुरत त्या वेळी उतरणीला लागली होती. बंदराचा व्यापार मुंबईने ओढून नेला होता. मागे उरली होती जुनी श्रीमंती आणि ज्ञातींची करडी शिस्त. ज्ञातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या घरचे पाणी कोणी पीत नसे, त्याच्या मुलीला स्थळ येत नसे, आणि तो मेला तर खांदा द्यायला शेजारी येत नसे. सुधारणेच्या गप्पा मारणाऱ्याला काय मोजावे लागे, ते यावरून ध्यानात यावे. दुर्गारामांपाशी ना जमीनजुमला, ना दरबारचा आश्रय. जवळ होती ती एक शाळेची नोकरी.

१८४० च्या सुमारास दादोबा इंग्रजी शाळेवर सुरतेस आले आणि या दोघांचे जमले. दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास असे आणखी तिघे त्यांना मिळाले. पाचही नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून लोक त्यांना ‘पाच दद्दे’ म्हणत. (पखवाजाच्या बोलासारखे हे नाव माझ्या विद्यार्थ्यांना फार आवडते.) २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी ‘मानवधर्म सभा’ स्थापन केली. पश्चिम हिंदुस्थानातील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या सभांपैकी ती एक होय. प्रार्थना समाज निघायला त्यानंतर तेवीस वर्षे लागली.

सभेची तत्त्वे दादोबांनी मांडली होती. ईश्वर एक आहे. माणसांची जातही एकच आहे. माणसाची योग्यता त्याच्या गुणांवरून ठरावी, कुळावरून नव्हे. आज शाळकरी मुलाच्या तोंडी शोभतील अशी ही वाक्ये. त्या काळी सुरतेच्या चौकात ती बोलून दाखवायला छाती लागे. सभा भरे ती उघड, रविवारच्या रविवारी, आणि कोणालाही येण्यास मज्जाव नसे. मंत्राने भूत उतरवतो म्हणणाऱ्या मांत्रिकांना दुर्गारामांनी जाहीर आव्हान दिले, की या आणि सर्वांसमक्ष करून दाखवा. कोणालाही ते करून दाखवता आले नाही. पण त्यामुळे मांत्रिकांचा धंदा बसला असे मात्र कोणी समजू नये!

त्याच वर्षी, ऑगस्टच्या अखेरीस, सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया केला. सारी सुरत खवळून उठली. दुकाने बंद झाली, दंगा झाला, आणि सरकारला कर बारा आण्यांवर आणावा लागला. सरकारशी भांडायला सगळे शहर एक होते. ज्ञातीशी भांडायला मात्र पाच-सहा माणसेच पुढे येतात. मला हे दुसरे भांडण अधिक कठीण वाटते, कारण त्यात समोर आपलेच मामा-काका उभे असतात.

दुर्गाराम विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते होते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. त्याच्या कितीतरी आधीपासून ते हे बोलत होते. आणि येथेच त्यांच्या चरित्रातले अवघड पान येते. ते स्वतः विधुर झाले आणि पुन्हा लग्न केले, ते विधवेशी नव्हे, ज्ञातीतल्या कुमारिकेशी. जयंतीच्या भाषणांत हे पान गाळण्याचा मोह होतो. मला ते गाळावेसे वाटत नाही. ज्ञातीचा फास किती आवळलेला होता, हे त्या पानाइतके दुसरे काही सांगत नाही.

त्या फासाची थोडी ओळख मला घरातच झाली. माझे वडील बडोद्याच्या दरबारी गवयांच्या अखेरच्या फळीतले; ऐन तारुण्यात दरबारी लागले आणि १९४९ साली संस्थानच विलीन झाले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. ते सांगत, की आमच्या आजोबांच्या काळी ब्राह्मणांची मुले मुसलमान उस्तादांकडे तालमीला जात, गंडा बांधून घेत, त्यांच्या पायांवर डोके ठेवीत. पाण्याचा तांब्या मात्र घरून नेत. चीज घेतलेली चाले, पाणी चालत नसे. उस्तादांना ते दिसत नव्हते असे थोडेच आहे? त्यांनी कोणाची तालीम बंद केली नाही, इतकेच.

१८४६ साली दादोबा मुंबईस गेले आणि सभा लंगडी झाली. १८५२ मध्ये दुर्गारामांची बदली राजकोटला झाली, तेव्हा ती मिटल्यासारखीच झाली. मुंबईत दादोबांनी १८४९ च्या सुमारास परमहंस मंडळी काढली. तेथे निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र बसून परजातीच्या हातचा पाव खात, पण दार लावून. पुढे सभासदांच्या नावांची यादी बाहेर फुटली, आणि नावे कळतील या धाकाने मंडळी पांगली. मुंबईतल्या शिकलेल्या लोकांनी जे बंद दाराआड केले, त्यातले निदान बोलण्याचे काम सुरतेच्या मेहताजींनी उघड्या सभेत केले होते. दादोबांचे ‘धर्मविवेचन’ १८४३ मध्ये लिहून झाले होते. ते छापून निघाले १८६८ मध्ये. दुर्गाराम रोजनिशी लिहीत असत. तिच्या आधारे महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली त्यांचे गुजराती चरित्र प्रसिद्ध केले. गुजराती वाचता येणाऱ्या मराठी माणसाने ते एकदा मिळवून वाचावे. त्यात आपले दादोबाही भेटतात, व्याकरणाच्या पुस्तकातल्यापेक्षा बरेच तरुण.