बर्फावर बसायचे, तर टाकी केवढी?

"अगं, मासे धरायला जाताना गॅसची टाकी कशाला?" अलिबागहून आईने फोनवर विचारले, आणि तिचे तरी काय चुकले? आमच्याकडे मासे म्हणजे सकाळी कोळीण दारात टोपली उतरवणार, चार पैशांसाठी घासाघीस होणार आणि दुपारी ताटात कालवण. पण आम्ही आता राहतो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. ह्या राज्यात दहा हजारांहून अधिक तळी आहेत आणि हिवाळ्यात ती गोठून फरशीसारखी टणक होतात. इथले लोक त्या बर्फाला मोठ्या गिरमिटाने भोक पाडतात, वर लहानसा तंबू उभारतात आणि आत स्टुलावर बसून तासन् तास गळ टाकतात. बाहेर शून्याखाली वीस-पंचवीस अंश! मग तंबूत हीटर हवाच, आणि हीटर म्हटला की प्रोपेन गॅस आलाच.

ह्यांना हा नाद कचेरीतल्या मित्रांनी लावला आणि त्यांच्या मागोमाग आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांनाही लागला. आपल्यापैकी कितीतरी जणींची मुले, भाऊ, जावई आज अमेरिकेत नि कॅनडात आहेत. त्यांच्यापैकी कुणाला हा छंद लागलाच, तर टाकीचा प्रश्न त्यांच्याही घरी येणार. आम्ही तो दोनदा चुकवला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

'संपलेला' डबा

पहिल्या वर्षी ह्यांनी हीटरबरोबर एक पौंडाचे छोटे सिलिंडर आणले. हे दिसायला डब्याएवढे असतात आणि थेट हीटरलाच आटे फिरवून बसतात. हलके, स्वस्त, काही कटकट नाही. पण जानेवारीतल्या एका संध्याकाळी उणे चोवीस अंशांत हीटरची आच मंदावत मंदावत अगदीच मिणमिणती झाली. बापलेक रात्री नऊला घरी आले, तर लेकाच्या हाताची बोटे अशी बधिर की त्याला कोटाची चेन काढता येईना. "गॅस संपला," हे म्हणाले.

मला काही ते पटेना. दुसऱ्या दिवशी मी तो डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. नवा भरलेला डबा साधारण साडेआठशे ग्रॅम भरतो आणि रिकामा चारशे. हा 'संपलेला' डबा भरला सव्वासहाशे! म्हणजे निम्मा गॅस आतच होता. मग तो बाहेर का येईना?

त्याचे कारण असे. टाकीत प्रोपेन द्रवरूपात असतो. त्याची वाफ होते, तीच वर येऊन जळते. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, म्हणून इतक्या थंडीतही त्याचा गॅस होतो खरा. पण दाब फारच कमी राहतो. शिवाय वाफ व्हायला उष्णता लागते. ओल्या अंगाला वारा लागला की आपल्याला कशी हुडहुडी भरते, तसेच हे. द्रव ती उष्णता टाकीच्या पत्र्यातून ओढून घेतो, त्यामुळे टाकी आणखीनच गार पडते, बाहेरून तिच्यावर दहिवर साचते. छोट्या डब्याला पत्रा तो केवढासा! थोड्याच वेळात तो थकतो. मोठ्या टाकीला पत्रा जास्त, म्हणून ती कडक थंडीतही निभावून नेते.

(आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेनबरोबर ब्यूटेनही असतो. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच अडून बसतो. म्हणून बर्फाळ मुलखात निव्वळ प्रोपेन वापरतात.)

भागाकाराचे गणित

टाकी केवढी घ्यावी, हे दुकानात उभे राहून ठरत नाही. ते घरी कागद-पेन्सिल घेऊन ठरवावे. मी शाळेत भागाकार शिकवते, त्यापेक्षा हे काही अवघड नाही.

उष्णता मोजायचे इथले माप आहे बीटीयू. एक पौंड प्रोपेनमध्ये सुमारे २१,५०० बीटीयू असतात. तंबूतला हीटर मंद आचेवर ताशी ४,००० आणि मोठ्या आचेवर ताशी ९,००० बीटीयू खातो. हे आकडे हीटरवरच छापलेले असतात. तुमच्या हीटरचे वेगळे असतील तर तेच घ्यावेत. आता भागून पाहा:

१ पौंडाचा डबा (गॅस अर्ध्या किलोला थोडा कमी) – मोठ्या आचेवर जेमतेम अडीच तास, मंद आचेवर साडेपाच तास.

५ पौंडी टाकी (गॅस सव्वादोन किलो) – १२ तास किंवा २७ तास.

११ पौंडी टाकी (गॅस ५ किलो, म्हणजे आपल्याकडच्या छोट्या सिलिंडरएवढा) – २६ तास किंवा ५९ तास.

२० पौंडी टाकी (गॅस ९ किलो) – ४८ तास किंवा १०७ तास.

आमचा नेहमीचा बेत असतो सकाळी सहा ते संध्याकाळी सहाचा. त्यात तीन तास मोठी आच, नऊ तास मंद. म्हणजे २७,००० अधिक ३६,०००, एकूण ६३,००० बीटीयू. ह्याला सुमारे तीन पौंड गॅस लागतो. आमटीला माणशी वाटी मोजली तरी आपण एक वाटी जास्त टाकतोच ना? तसा थंडीसाठी निम्मा वाढवा धरा. झाले साडेचार पौंड. मग उत्तर सरळच आहे, पाच पौंडी टाकी.

"मोठीच आणू, एकदाच काय तो त्रास!"

पण त्या गारठलेल्या रात्रीनंतर ह्यांनी माझ्या गणिताची वाट पाहिली नाही. परसातल्या शेगडीची वीस पौंडी टाकी घरात होतीच. ती घसरगाडीवर घातली, तंबूच्या आत नेऊन ठेवली आणि ऊब जायला नको म्हणून सगळ्या चेन गच्च लावून घेतल्या. गॅस भरपूर होता, त्यामुळे हीटर कमी करायची किंवा मध्ये उठायची गरजच पडली नाही.

तीनएक तासांनी लेक म्हणाला, "बाबा, डोकं दुखतंय." ह्यांना वाटले, भुकेने असेल. मग त्याला उलटी झाली. ह्यांचे स्वतःचे डोकेही जड झाले होते, पण थंडीचेच असेल म्हणून हे बसून राहिले. दैव बलवत्तर, शेजारच्या तंबूतले एक म्हातारे आजोबा किती मासे मिळाले ते विचारायला आले. त्यांनी तंबूचे दार उघडले, लेकराचा चेहरा पाहिला आणि दोघांना ओढूनच बाहेर काढले. मोकळ्या हवेत थोडी तरतरी येताच ते त्यांना थेट डॉक्टरांकडे घेऊन गेले. लेकाला तिथे ऑक्सिजन लावावा लागला. ती रात्र आठवली की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. गॅस गळला तर त्याचा वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही की वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि नेमकी त्याच वेळी आपली अक्कलही मंदावते. छोटा डबा अडीच तासांत संपे, तो बदलायला दार उघडावे लागे, तेवढीच हवा खेळे. मोठ्या टाकीने ती सक्तीची उसंत काढून घेतली. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जेवढी टाकी मोठी, तेवढी हवेची काळजी मोठी. टाकीचा आकार ठरवाल त्याच वेळी खिडक्या किती उघड्या राहतील तेही ठरवा.

मग आम्ही काय घेतले?

दोघांच्या एका दिवसासाठी पाच पौंडी टाकी. भरलेली असली तरी तिचे वजन साधारण पाच किलो, लेकसुद्धा हाताने उचलतो. तिच्याबरोबर एक पौंडाचे दोन डबे अडीअडचणीला. वीस पौंडी टाकी भरली की सतरा किलोंच्या आसपास जाते, ती बर्फावरून ओढणे म्हणजे शिक्षाच. पण चारपाच जण मिळून दोन दिवस मुक्काम करणार असतील, किंवा तळ्यावर गाडीतून सामान नेता येत असेल, तर तीच परवडते. शिवाय रिकामी देऊन भरलेली घ्यायची सोय तिलाच सगळीकडे असते. पाच आणि अकरा पौंडी टाक्या बहुधा भरूनच आणाव्या लागतात, तेव्हा घराजवळ भरून देणारे दुकान आहे का, ते आधी पाहावे. अकरा पौंडी टाकी मधली. उणे वीसच्या खाली नेहमी जाणाऱ्यांना ती बरी पडते.

एवढे मात्र विसरू नका

* टाकी तंबूच्या बाहेर, लाकडी फळीवर, सरळ उभी ठेवावी. आडवी ठेवली तर गॅसऐवजी द्रवच नळीत शिरतो. हीटर तेवढा आत. आतमध्ये फक्त हीटरला बसणारा छोटा डबा चालतो.

* टाकीपासून हीटरपर्यंतची लांब नळी घेताना गाळणी किंवा दाब कमी करणारा रेग्युलेटर लावायला विसरू नये. साध्या नळीतला तेलकट अंश हीटरमध्ये जाऊन तो चोंदतो.

* जोडणीला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. हे काम घरीच करावे, तळ्यावर पाणी गोठते. बंद करताना आधी टाकीचा व्हॉल्व्ह, मग नळीतला उरलेला गॅस जळू द्यावा.

* तंबूच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही खिडक्या थोड्या उघड्या हव्यात. एक पौंड गॅस जळला की सुमारे पाऊण लिटर पाण्याची वाफ होते. खिडक्या बंद असतील तर तीही छतावरून अंगावर ठिबकते.

* ऑक्सिजन कमी झाल्यावर आपोआप बंद होणारा हीटरच घ्यावा. पण तो कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारी वेगळी घंटा तंबूत टांगावी. हीटर चालू ठेवून झोपू नये.

* गार पडलेल्या टाकीला ज्योत दाखवून गरम करण्याचा आचरटपणा कधीही करू नये.

* एकदाच वापरायचे एक पौंडी डबे घरी पुन्हा भरण्याचा मोह टाळावा. असे भरलेले डबे गाडीतून नेणे इथल्या कायद्याने गुन्हा आहे.

* किती गॅस उरला ते वजनावरून कळते. टाकीच्या कड्यावर 'टीडब्ल्यू' ह्या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते, आपल्या सिलिंडरवर असते तसेच. एकूण वजनातून ते वजा करा. निघायच्या आदल्या रात्री हे काम माझ्याकडे असते.

परवा हे आणि लेक पुन्हा तळ्यावर जाऊन आले. लेकाने दारातूनच सांगितले, "आई, खिडक्या उघड्या होत्या हं!" मग पिशवीतून दोन वॉलाय मासे काढून दाखवले. मासा गोड्या पाण्यातला, तेव्हा आगळ नि तिरफळे घालून मी त्याचे कालवण केले. आईला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली, "कालवणाचं राहू दे, आधी ती घंटा चालू आहे ना ते बघ."