निरोगी यकृत, वाढतं वय आणि एडीसीचा आकडा



समजा, सेलूहून सत्तरीतले एक आजोबा एमआरआयसाठी आले आणि त्यांच्या यकृताचा एडीसी जरा कमी आला. फायब्रोसिसमध्ये एडीसी कमी होतो, हे तुम्ही वाचलेलं आहे. मग याला आजार म्हणायचं की वय? सत्तरीतल्या निरोगी यकृताचा आकडा हाताशी नसेल, तर उत्तर देताच येत नाही. म्हणून आजचा विषय हा.

एडीसी म्हणजे नेमकं काय?

डिफ्यूजन एमआरआय ऊतींमधलं पाणी किती मोकळेपणाने हलतं ते मोजतो. बी-व्हॅल्यू वाढवली की हलणाऱ्या पाण्याचा सिग्नल घटतो. बी ० ला सिग्नल १००० आणि बी ५०० ला ५५० असेल, तर १००० भागिले ५५० चा नैसर्गिक लॉगरिदम घ्या, साधारण ०.६. त्याला ५०० ने भागा. एडीसी आला ०.००१२ चौ.मिमी प्रति सेकंद. निरोगी यकृताचा आकडा साधारण याच घरात असतो.

पण यकृत रक्ताने भरलेलं असतं. केशवाहिन्यांतलं वाहतं रक्तही डिफ्यूजनसारखंच दिसतं, आणि कमी बी-व्हॅल्यूंवर सिग्नल झपाट्याने पडतो. डेनिस ल बिहान यांनी १९८६ मध्ये हे दोन भाग वेगळे करण्याची आयव्हीआयएम ही पद्धत मांडली.

वयाचा संबंध कुठे येतो?

वय वाढतं तसं यकृताचं आकारमान आणि त्यातला रक्तप्रवाह कमी होतो. म्हणजे पेशी धडधाकट असल्या, तरी रक्ताचा वाटा घटून एडीसी खाली येऊ शकतो.

दुसरी गोष्ट लोहाची. पाळी चालू असलेल्या स्त्रियांच्या यकृतात पुरुषांपेक्षा लोह कमी असतं, आणि पाळी गेल्यावर ते वाढतं. लोह वाढलं की टी२ कमी होतो आणि सिग्नल पडतो. आता गंमत बघा. खरा एडीसी ०.००१२ च आहे, पण लोहामुळे बी ० चा सिग्नल १०० वर आला. बी ८०० ला तो ३८ हवा. सोपं गणित म्हणून मशीनचा २० चा गोंगाट दोन्हींत मिळवू. झाले १२० आणि ५८. आता एडीसी काढा: ०.०००९! यकृत तेच, पाणी तेच, आकडा मात्र पाव भागाने खाली. स्त्री-पुरुष एकत्र घेऊन वयाचा ग्राफ काढला, तर लोहाचा परिणाम वयाच्या नावावर जमा होतो.

चरबीनेही एडीसी कमी होतो. उलट डाव्या भागात हृदयाच्या ठोक्यांमुळे तो खोटाच जास्त येतो.

आपल्या वर्ध्यात "निरोगी" कोण?

खरी मेख इथेच आहे. विदर्भात सिकलसेल आहे. वारंवार रक्त चढवलेल्या माणसाच्या यकृतात लोह साठतं. दुसरीकडे ॲनिमिया असलेल्या बायाही भरपूर, त्यांच्यात लोहाचा साठा कमी. सेवाग्राम असो की सावंगी, "मला काही त्रास नाही" एवढ्यावर कुणाला निरोगी धरू नका. त्रास नसणं आणि यकृत निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिनॉप्सिस लिहिताना एवढं पक्कं करा:

- प्रत्येक वयोगटात स्त्री-पुरुष पुरेसे घ्या आणि विश्लेषण वेगवेगळं करा. पाळी गेली का, हे विचारा.
- हिमोग्लोबिन, सिकलसेल चाचणी आणि रक्त चढवल्याचा इतिहास नोंदवा.
- त्याच बैठकीत एमआरआयवरच लोह आणि चरबी मोजा.
- मोजमाप उजव्या भागात घ्या. बी-व्हॅल्यू सगळ्यांसाठी एकच ठेवा.
- म्हाताऱ्या माणसांना श्वास रोखणं जड जातं. श्वासाची पद्धत तरुणांना एक आणि त्यांना दुसरी, असं करू नका.
- काही जणांचा स्कॅन दोनदा करा. दोन स्कॅनमधलाच फरक वयाच्या फरकाएवढा निघाला, तर निष्कर्ष कशावर काढणार?

एवढं केलंत, तर त्या आजोबांच्या रिपोर्टवर "आजार" लिहायचं की "वयानुरूप", हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. वरचं गणित एकदा स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा. गोंगाट २० ऐवजी १० धरला तर काय येतं, ते कमेंटमध्ये सांगा.