काट्यावर मांजर

मांजर दुखणं लपवतं. म्हणून ‘खातंय ना, मग ठीक आहे’ हा निकष लंगडा पडतो. थायरॉइड वाढलेलं म्हातारं मांजर भरपूर खातं आणि तरी झडतं. चार किलोच्या मांजराचं 400 ग्रॅम वजन घटलं, तर दहावा हिस्सा गेला. केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसतं. महिन्यातून एकदा टोपलीत बसवून वजन करावं आणि लिहून ठेवावं.

‘हात लावू देत नाही’ ही तक्रार खरी; पण झोपेतले श्वास लांबूनही मोजता येतात. मिनिटाला साधारण 15 ते 30. वारंवार त्यापुढे गेले तर दवाखाना गाठावा. हिरड्या गुलाबी हव्यात. त्या फिक्या पडण्याचं एक कारण कोल्हापुरी स्वयंपाकघरातच असू शकतं: लाडानं घातलेलं रश्श्यातलं मटण. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. घरची तपासणी डॉक्टरांची जागा घेत नाही, त्यांच्याकडे कधी धावायचं ते सांगते. बोका सारखा लघवीला बसतोय आणि थेंबही येत नाही, तर वही मिटून लगेच निघावं. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आणि तापावर माणसाची पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. एक गोळीही मांजराला मारू शकते.