चंचीतलं पातं

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात जुनं माणूस घराबाहेर पडलं, की सोबत चंची असायचीच. तिच्या कप्प्यांत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी, अडकित्ता. एखाद्या कप्प्यात जुनं नाणं, नाहीतर अंगाऱ्याची पुडी. माणूस गेल्यावर मागे उरतो तो अडकित्ता. धार गेली म्हणून तो भंगारात घालू नका. पितळी मूठ चिंचेनं उजळते, पण लोखंडी पात्याला चिंच लागू देऊ नये. त्याला खोबरेल तेलाचं बोट पुरे.

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते एकदा पाहाच. दिनकर केळकरांनी ते जमवले, संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये सारा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला.

अडकित्त्यासारखंच पातं असलेला चाकू जवळ बाळगणाऱ्यांनी शस्त्र नियम, २०१६ लक्षात ठेवावेत. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल आणि चाकू घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाचा नसेल, तर तो शस्त्रांत मोडतो. राहात्याच्या बागेत पेरू कापायला खिशात ठेवलेला छोटा चाकू त्यात बसत नाही. शिर्डी विमानतळावरून निघालात, तर मात्र आजोबांचा अडकित्ता चेक-इन बॅगेतच ठेवा. हातातल्या सामानात पातं चालत नाही.