शरीरातील अदृश्य साठा

मीठ पाण्यात विरघळते. तेलाचा थेंब मात्र पाण्यावर तरंगत राहतो. या साध्या अनुभवातच एका गंभीर प्रश्नाचे मूळ आहे. पाण्यात विरघळणारी पुष्कळशी द्रव्ये मूत्रावाटे शरीराबाहेर पडतात. परंतु डी.डी.टी. हे कीटकनाशक, अथवा विजेच्या रोहित्रांच्या तेलात वापरलेली पी.सी.बी. ही रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. चरबीत मात्र सहज मुरतात. त्यांचे विघटनही फार सावकाश होते. त्यामुळे ती वर्षानुवर्षे शरीरात साठून राहतात.

हा साठा मोजावयाचा कसा? शरीरातील चरबीचा लहानसा तुकडा काढून तपासता येतो. परंतु रक्तातही थोडी चरबी असते व तीत हीच द्रव्ये सापडतात, म्हणून बहुधा रक्तच घेतात. त्यातून रसायने वेगळी काढून, तो अर्क तापविलेल्या लांब व बारीक नळीतून वायूच्या प्रवाहाबरोबर सोडतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी पलीकडे पोहोचते आणि आलेखावर शिखर उमटते. शिखराच्या जागेवरून द्रव्य ओळखतात, आकारावरून त्याचे प्रमाण ठरवितात. जेवणानंतर रक्तातील चरबी वाढते. म्हणून आकडा दर ग्रॅम चरबीमागे देतात. हे प्रमाण पुष्कळदा ग्रॅमच्या काही अब्जांशांइतके सूक्ष्म असते!

स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन डी.डी.टी. शोधीत असता त्यांच्या आलेखांत अनोळखी शिखरे दिसू लागली. ती पी.सी.बी.ची आहेत, हे त्यांनी १९६६ मध्ये जाहीर केले. मासे व गरुड यांच्याबरोबरच स्वतःच्या पत्नीच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही त्यांना ती आढळली. त्या बालिकेने कोणते रोहित्र हाताळले होते? ते विष आईच्या दुधातूनच आले असावे, असा तर्क त्यांनी केला.

पुढे स्वीडनने या रसायनांवर निर्बंध घातले. १९७२ पासूनच्या मातृदुग्धाच्या नमुन्यांत पी.सी.बी.चे व डी.डी.टी.चे प्रमाण उतरत गेलेले दिसले. मात्र त्याच नमुन्यांत, वस्तू लवकर पेटू नयेत म्हणून वापरलेली काही ब्रोमीनयुक्त रसायने १९९७ पर्यंत दर पाच वर्षांस सुमारे दुप्पट होत गेली होती. अशा द्रव्यांना आवर घालण्यासाठी २००१ मध्ये स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २००६ मध्ये त्यास मान्यता दिली.

एवढ्यावरून कोणी आईच्या दुधाविषयी शंका घेऊ नये. बाळास तेच सर्वोत्तम अन्न होय. शंका घ्यावयाची ती आपण निष्काळजीपणे निर्माण केलेल्या द्रव्यांविषयी. विष ओसरते आहे की नवे शिरते आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजूनच कळते.