उडी मारून वळताना गुडघा सांभाळा

वाशिम जिल्ह्यात पोलीस भरतीची तयारी करणारी अनेक मुले-मुली धावण्याबरोबर गोळाफेकीचाही सराव करतात. कमरेची ताकद वाढावी म्हणून काही जण बैठकीतून उडी मारून हवेत अर्धा फेरा घेतात. व्यायाम चांगला आहे. पण पाय टेकल्यावरही शरीर फिरत राहिले, तर गुडघ्यातील लिगामेंट फाटू शकते.

योग्य पद्धत

- आधी १० मिनिटे वॉर्मअप करा.
- पाय खांद्याइतके फाकवून, पाठ सरळ ठेवून अर्धी बैठक घ्या.
- हात, खांदे आणि कंबर एकत्र वळवा. वळण हवेतच पूर्ण करा.
- दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून अलगद उतरा. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवा. आत झुकू देऊ नका.
- सुरुवातीला पाव फेराच घ्या, दोन्ही बाजूंनी ५-५ वेळा. तोल जाऊ लागला की थांबा.

भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर किंवा चिखलात हा व्यायाम नको.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

उतरताना गुडघ्यात ‘कट’ आवाज आला, काही तासांत सूज आली किंवा चालताना गुडघा सटकू लागला, तर लगेच दाखवा. तोवर कापडात गुंडाळून बर्फ लावा. मालिश करू नका. पालकांनो, भरती जवळ आली तरी वेदनाशामक गोळी देऊन मुलांना मैदानावर पाठवू नका.